एररच्या ओळीमागचा इतिहास: लिनक्सवर सोर्स कोड कम्पाइल करताना

पाठाची ओळख

समजा, तुम्ही दक्षिण बंगळुरूतल्या जे. पी. नगरमध्ये खोली घेऊन राहता आणि लॅपटॉपवर नुकतेच लिनक्स बसवले आहे. तुम्हाला एक प्रोग्राम हवा आहे, पण त्याची तयार आवृत्ती तुमच्या वितरणात नाही. मिळतो तो फक्त सोर्स कोड. सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये तीन आज्ञा दिलेल्या असतात: कॉन्फिगर, मेक आणि मेक इन्स्टॉल. पहिली आज्ञा चालते, दुसरी अर्ध्यावर थांबते आणि पडद्यावर चाळीसएक ओळी येऊन पडतात. इथेच बरेच जण लिनक्सचा नाद सोडतात.

या पाठात आपण त्या ओळींचा इतिहास पाहणार आहोत. कम्पाइल करताना येणाऱ्या चुका यदृच्छेने येत नाहीत. त्यांचे मोजकेच प्रकार आहेत, आणि प्रत्येक प्रकार एखाद्या विशिष्ट काळात, विशिष्ट अडचणीवर काढलेल्या तोडग्यातून आला आहे. तो तोडगा माहीत असला की चूक कुठे शोधायची ते कळते. याच इतिहासात बंगळुरू आणि बेळगाव या दोन शहरांचाही वाटा आहे, तोही आपण पाहू.

एक सूचना: या पाठात आज्ञा आणि संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत असतात.

१. सी भाषा, टार आणि मेक

युनिक्स ही संगणकप्रणाली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९६९ पासून आकाराला आली. १९७३ मध्ये तिचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. ही भाषा त्याच संस्थेतल्या डेनिस रिची यांनी तयार केली होती. त्याआधी संगणकप्रणाली साधारणपणे एकाच यंत्राच्या भाषेत लिहिली जाई आणि त्या यंत्रापुरतीच उरत असे. सी मुळे एकच सोर्स कोड वेगवेगळ्या यंत्रांवर नेणे शक्य झाले. मात्र प्रत्येक यंत्रावर तो नव्याने कम्पाइल करावा लागे. 'सोर्स द्या, ज्याने त्याने आपल्या यंत्रावर कम्पाइल करावे' ही रीत इथून पडली.

हा कोड चुंबकीय फितीवरून पाठवला जाई. अनेक फाइली एकत्र बांधून फितीवर चढवणारा टार हा प्रोग्राम १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीत आला. त्याच्या नावातला पहिला शब्द 'टेप' हाच आहे. आज फीत नाही, पण तुम्ही उतरवून घेता ती फाइल अजूनही 'टारबॉल' म्हणूनच ओळखली जाते.

मेक हा प्रोग्राम बेल लॅब्समधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये लिहिला. त्याची हकिकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात सगळी सकाळ घालवून वैतागले होते. चूक खरे तर आधीच दुरुस्त झाली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कम्पाइल करायची राहिली होती. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे आणि कोणती बदलली आहे, हे माणसाने लक्षात ठेवण्याऐवजी यंत्राने ठेवावे, यासाठी मेक जन्माला आला. या कामाबद्दल फेल्डमन यांना २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

मेकच्या नियमांच्या फाइलला मेकफाइल म्हणतात. तिच्यात आज्ञेची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते. आठ मोकळ्या जागा दिल्या तर चालत नाही. तुम्ही वेब पानावरून मेकफाइल चिकटवली आणि टॅबच्या जागी मोकळ्या जागा आल्या, तर 'मिसिंग सेपरेटर' असा संदेश येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते, म्हणून नवशिका गोंधळतो. हा नियम अडचणीचा आहे, हे फेल्डमन यांच्याही लवकरच लक्षात आले होते. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांचे काम मोडू नये म्हणून त्यांनी नियम तसाच ठेवला. डझनभर लोकांच्या सोयीसाठी राहिलेला तो टॅब आज जगभरातल्या विद्यार्थ्यांना छळतो.

मेकबद्दल एवढे लक्षात ठेवा: मेक स्वतः काही कम्पाइल करत नाही, तो फक्त काम वाटून देतो. म्हणून शेवटी दिसणारी 'एरर १' किंवा 'एरर २' ही ओळ इतकेच सांगते की हाताखालच्या कुणाचे तरी काम फसले. खरे कारण वर असते. पडदा वर सरकवा आणि 'एरर' हा शब्द पहिल्यांदा कुठे आला ते शोधा. खालच्या बहुतेक तक्रारी त्या पहिल्या चुकीतूनच निघालेल्या असतात.

२. कॉन्फिगर कशासाठी आले

१९८० च्या दशकात युनिक्सच्या अनेक शाखा झाल्या. बर्कले विद्यापीठाची बीएसडी, एटी अँड टी कंपनीची सिस्टिम फाइव्ह, शिवाय प्रत्येक यंत्र-उत्पादकाची आपली वेगळी. एकाच नावाचे फंक्शन एका शाखेत असे, दुसरीत नसे किंवा वेगळ्या हेडर फाइलमध्ये असे. १९८८ च्या पॉझिक्स मानकाने थोडी एकवाक्यता आणली, पण जुनी यंत्रे लगेच बदलली नाहीत.

याच काळात रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प उभारला. त्याची घोषणा २७ सप्टेंबर १९८३ ची. कुणीही वापरावे, वाचावे, बदलावे आणि वाटावे असे सॉफ्टवेअर तयार करणे हा त्याचा हेतू. १९८७ मध्ये जीसीसी हा कम्पायलर आला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना. परवान्याचा एक बारकावा आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोर्स कोडची व्याख्या करताना, कम्पाइल करण्याचे आणि बसवण्याचे नियंत्रण करणाऱ्या स्क्रिप्टही त्यात धरल्या आहेत. कोड दिला पण तो कम्पाइल करण्याची सोय दिली नाही, तर दिलेले स्वातंत्र्य अपुरे राहते, असा त्यामागचा विचार.

जीएनयूची छोटी साधने डझनावारी प्रकारच्या यंत्रांवर चालवायची होती. ती सांभाळणारे डेव्हिड मॅकेन्झी यांच्यापुढे १९९१ मध्ये एक कंटाळवाणा प्रश्न उभा होता. कम्पाइल करणाऱ्याला मेकफाइलमध्ये स्वतःच्या यंत्राप्रमाणे वीसेक पर्याय हाताने निवडावे लागत. ते पर्याय आपोआप ओळखणारी एक छोटी स्क्रिप्ट त्यांनी लिहिली. तिच्यातूनच ऑटोकॉन्फ हे साधन तयार झाले, आणि तुम्ही चालवता ती कॉन्फिगर स्क्रिप्ट ऑटोकॉन्फचेच अपत्य आहे.

कॉन्फिगर चालताना 'चेकिंग फॉर' ने सुरू होणाऱ्या शेकडो ओळी सरकतात. प्रत्येक ओळीमागे एक छोटी परीक्षा असते. स्क्रिप्ट चारदोन ओळींचा सी प्रोग्राम लिहिते, तो कम्पाइल करून पाहते आणि जमले की 'येस' म्हणते. या परीक्षांची सविस्तर नोंद कॉन्फिग डॉट लॉग या फाइलमध्ये राहते. पडद्यावर 'सी कम्पायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्यूटेबल्स' एवढेच दिसत असेल, तरी खरे कारण त्या फाइलमध्ये असते. फाइल लांबलचक असते, आणि शेवटच्या भागात चल राशींची मोठी यादी येते. ती ओलांडून थोडे वर गेलात की फसलेली परीक्षा सापडते.

३. मासिकातली सीडी: बंगळुरू आणि बेळगाव

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या संगणकप्रणालीची वर्दी दिली. पुढच्या वर्षी लिनक्सला जीपीएल लागू झाला. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन ही वितरणे सुरू झाली. पण भारतातल्या विद्यार्थ्यापर्यंत हे पोचणार कसे? विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही मोजक्या शहरांत. स्वस्तातल्या खात्यावर फक्त मजकूर दिसे. सेकंदाला ३३.६ किलोबिट वेगाचा मोडेम अगदी पूर्ण वेगाने चालला, तरी १० मेगाबाइटची फाइल उतरवायला सुमारे ४० मिनिटे लागणार, आणि तेवढा वेळ फोनची लाइन न तुटता टिकायला हवी.

ही कोंडी फोडली एका मासिकाने. पीसीक्वेस्टने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. पहिली आवृत्ती स्लॅकवेअरची होती. पुढच्या रेड हॅटवर आणि नंतर फेडोरावर आधारलेल्या होत्या. या उपक्रमामागे होते अतुल चिटणीस. त्यांचा जन्म १९६२ मध्ये बर्लिनचा, पण वाढले ते बेळगावात. अभियांत्रिकीची पदवीही त्यांनी तिथल्याच गोगटे इन्स्टिट्यूटमधून घेतली. पुढे त्यांनी बंगळुरू ही कर्मभूमी केली. इंटरनेट घराघरांत येण्याआधी, १९८९ पासून, ते तिथे सीआयएक्स नावाचा बुलेटिन बोर्ड चालवत होते. संगणकाने फोन लावायचा, निरोप वाचायचे, फाइली घ्यायच्या-द्यायच्या अशी ती व्यवस्था. सॉफ्टवेअर हाती पोचवणे आणि ते वापरणाऱ्यांना एकमेकांशी बोलते करणे, ही दोन्ही कामे एकत्र व्हायला हवीत, हे त्यांना बुलेटिन बोर्डाच्या अनुभवातून ठाऊक होते. २०१३ च्या जूनमध्ये बंगळुरूतच त्यांचे निधन झाले.

सीडी मिळाली, लिनक्स बसले, तरी पुढचा पेच उरलाच. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वस्त संगणकांत बरेचदा 'विनमोडेम' असे. या मोडेमचे निम्मे काम मोडेममधली चिप न करता विंडोजमधला प्रोग्राम करी, त्यामुळे तो लिनक्सवर चालत नसे. काही चिपसाठी लिनक्सचे ड्रायव्हर मिळत, पण ते चालू कर्नलप्रमाणे स्वतः कम्पाइल करावे लागत. त्यासाठी कर्नलच्या हेडर फाइली हव्यात, आणि त्या बसवलेल्या नसल्या तर इंटरनेटवरून आणायच्या. इंटरनेट मात्र मोडेम चालल्याशिवाय नाही! मग मित्राच्या संगणकावरून किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतून फ्लॉपी भरून आणायची, आणि सीडीच्या कोपऱ्यात हेडर फाइलींचे पॅकेज सापडते का ते पाहायचे.

एवढे करून ड्रायव्हर तयार झाला, तरी तो घालताना संदेश येई की हे मॉड्यूल एका आवृत्तीच्या कर्नलसाठी कम्पाइल केले आहे आणि चालू कर्नल दुसऱ्या आवृत्तीचा आहे. कारण सोपे आहे. कर्नल आपल्या आतल्या रचना आवृत्तीगणिक बदलतो, म्हणून त्याला जोडायचा तुकडा नेमक्या त्याच आवृत्तीच्या हेडर फाइली वापरून तयार व्हावा लागतो. आजही वायफायचा ड्रायव्हर कम्पाइल करताना तुम्हाला हाच अडथळा येतो. चालू कर्नलची आवृत्ती यूनेम या आज्ञेला आर हा पर्याय जोडून पाहा आणि अगदी त्याच आवृत्तीच्या हेडर फाइली बसवा.

त्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी कम्पाइल करणे हा हौसेचा भाग नव्हता. घरचा फोन संगणकाला जोडला जाणार की नाही, हे त्यावर ठरत असे. लिनक्स वापरणाऱ्यांचे गट शहरोशहरी उभे राहिले, त्यामागे ही गरजही होती. अडलेला एकजण आणि ती अडचण आधी सोडवलेला दुसरा, यांची भेट व्हायला हवी होती.

४. 'अशी फाइल नाही': हेडर आणि डेव्ह पॅकेज

नवशिक्याला सर्वांत जास्त वेळा भेटणारी चूक ही: एखाद्या हेडर फाइलचे नाव आणि त्यापुढे 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. गोंधळात पाडणारी गोष्ट म्हणजे ती लायब्ररी तुमच्या संगणकावर असते, आणि इतर प्रोग्राम ती वापरतही असतात.

लायब्ररीचे दोन भाग असतात. पहिला, प्रोग्राम चालताना लागणारा तयार भाग. दुसरा, प्रोग्राम कम्पाइल करताना लागणारा भाग, म्हणजे हेडर फाइली. कोणते फंक्शन आहे आणि त्याला काय द्यायचे, याची यादी त्यांत असते. सुरुवातीच्या युनिक्सवर दोन्ही भाग सोबतच असत, कारण संगणक वापरणारा बहुधा प्रोग्रामरच असे. १९९० च्या दशकात वितरणे तयार पॅकेजे देऊ लागली, आणि बहुतेक लोक स्वतः कम्पाइल करणार नाहीत हे गृहीत धरले गेले. डिस्कवरची जागा वाचवण्यासाठी दुसरा भाग वेगळ्या पॅकेजात गेला. डेबियन आणि उबंटूमध्ये त्या पॅकेजाच्या नावाला शेवटी 'डेव्ह' जोडलेले असते, रेड हॅट आणि फेडोरामध्ये 'डेव्हेल'. म्हणजे जी फाइल सापडत नाही ती हरवलेली नाही. ती वेगळ्या डब्यात ठेवलेली आहे.

२००० च्या सुमारास ग्नोमच्या परिसरातून पीकेजी-कॉन्फिग हे साधन आले. कोणती लायब्ररी कुठे बसली आहे याची छोटी चिठ्ठी प्रत्येक डेव्ह पॅकेजसोबत येते, आणि हे साधन ती वाचते. 'पॅकेज अमुक वॉज नॉट फाउंड इन द पीकेजी-कॉन्फिग सर्च पाथ' असे दिसले, तर बहुतेक वेळा अर्थ तोच: डेव्ह पॅकेज बसवलेले नाही.

उपायांचा क्रम असा ठेवा. डेबियन किंवा उबंटूवर आधी 'बिल्ड-एसेन्शियल' हे पॅकेज बसवा. त्यात कम्पायलर आणि मेक दोन्ही येतात. हव्या असलेल्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती वितरणात असेल, तर एपीटीची 'बिल्ड-डेप' आज्ञा तिला कम्पाइल करायला लागणारी सगळी पॅकेजे एकदम आणते. त्यासाठी वितरणाच्या यादीत सोर्स पॅकेजांचा स्रोत चालू केलेला असावा लागतो. तरीही एखादी हेडर फाइल उरली, तर ती कोणत्या पॅकेजात आहे हे एपीटी-फाइल या साधनाने शोधा. नावावरून अंदाज बांधत दहा पॅकेजे बसवत सुटण्यापेक्षा हे बरे.

५. लिंकर: नाव आहे, माणूस नाही

हेडर फाइली सापडल्या, सगळ्या फाइली कम्पाइल झाल्या, आणि शेवटच्या टप्प्यावर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आले. हेडर फाइल म्हणजे निमंत्रितांची यादी. लिंकर प्रत्यक्ष माणसे जमवतो. यादीत नाव आहे, पण माणूस कोणत्या घरात राहतो ते लिंकरला कुणी सांगितलेले नाही, असा या संदेशाचा अर्थ.

पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेतही ही चूक भेटते. सी मध्ये वर्गमूळ काढणारे स्क्वेअर-रूट फंक्शन वापरले, मॅथची हेडर फाइलही जोडली, तरी लिंकर तक्रार करतो. गणिताची लायब्ररी मुख्य लायब्ररीपासून वेगळी ठेवण्याची रीत जुन्या युनिक्सची आहे. म्हणून कम्पाइल करताना एल आणि एम ही अक्षरे जोडलेला पर्याय द्यावा लागतो. तो पर्याय आज्ञेच्या शेवटी द्यायचा, कारण लिंकर लायब्ऱ्या डावीकडून उजवीकडे पाहत जातो आणि तोवर ज्या नावांची गरज नोंदली गेली तीच उचलतो. गरज नोंदली जाण्याआधीच लायब्ररी पुढ्यात आली, तर ती तशीच मागे पडू शकते.

लिंकर पार झाला, प्रोग्राम बसला, पण सुरू करताच 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' दिसले, तर अडचण पुढच्या टप्प्यावरची आहे. स्वतः कम्पाइल केलेल्या गोष्टी सहसा यूझर-लोकल या डिरेक्टरीत बसतात. वितरणाने बसवलेल्या फाइलींशी त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून ही जागा राखलेली आहे. नवी लायब्ररी तिथे आल्याची खबर प्रणालीला एलडी-कॉन्फिग या आज्ञेने द्यावी लागते. आणि 'मेक इन्स्टॉल' ला 'परमिशन डिनाइड' मिळाले, तर प्रत्येक वेळी सूडो लावायची गरज नाही. कॉन्फिगर चालवतानाच प्रीफिक्स या पर्यायाने आपल्या होम डिरेक्टरीतली जागा दिली, तर प्रशासकाचा परवानगीशब्द न वापरता काम होते. प्रयोगशाळेतल्या सामायिक संगणकावर हा मार्ग योग्य.

६. काल चालत होते, आज का नाही

आता एक वेगळा प्रकार. सोर्स कोड १९९९ चा आहे, लिहिणाऱ्याने तेव्हा तो नीट कम्पाइल केला होता, पण तुमच्या संगणकावर तो अडतो. कोड जागचा हललेला नाही. कम्पायलर बदलला आहे.

मूळ सी भाषेत एखादे फंक्शन आधी जाहीर न करता वापरता येत असे. कम्पायलर गृहीत धरी की ते पूर्णांक परत देणार. १९९९ च्या सी मानकाने ही मुभा काढून टाकली, पण जुना कोड मोडू नये म्हणून जीसीसी पुढेही केवळ सूचना देऊन काम पुढे नेत राहिला. दरम्यान ६४ बिटांची यंत्रे आली. त्यांवर पूर्णांक ३२ बिटांचा आणि पत्ता ६४ बिटांचा असल्याने, हे गृहीतक धरले की पत्ता अर्धवट कापला जाई आणि प्रोग्राम चालताना कोसळे. शेवटी २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने या सूचनेची चूक केली. मानक बदलल्यापासून पंचवीस वर्षांनी!

असेच २०२० च्या जीसीसी १० बाबत. एकच सामायिक चल दोन फाइलींत घोषित केला तर आधी कम्पायलर दोन्ही एकच समजे. आता 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून लिंकर थांबतो. आणि २०२५ च्या जीसीसी १५ ने सी २०२३ हे मानक आपोआप लागू केले, त्यामुळे रिकाम्या कंसांचा जुना अर्थ बदलला.

अशा वेळी कोड चुकीचा आहे किंवा संगणक बिघडला आहे असे मानू नका. टारबॉलवरचे वर्ष पाहा, आपल्या जीसीसीची आवृत्ती पाहा. मग एसटीडी या पर्यायाने जुने मानक मागा, किंवा त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती वा दुरुस्ती कुणी केली आहे का ते शोधा. जीसीसी १४ मध्ये चूक झालेल्या या गोष्टी पुन्हा सूचनेच्या पातळीवर आणण्याचे पर्यायही आहेत, पण ते तात्पुरतेच वापरा. कम्पायलर ज्या धोक्याकडे बोट दाखवतो, तो त्याने खरा आहे म्हणूनच दाखवलेला असतो.

७. मराठी आणि कम्पाइल

कम्पाइल करणे फक्त प्रोग्रामरला लागते असे नाही. लिनक्सच्या पडद्यावर मराठी आणणाऱ्या भाषांतरकारांनाही ते शिकावे लागले. १९९५ पासून जीएनयू प्रकल्पाकडे गेटटेक्स्ट हे साधन आहे. त्यात मूळ वाक्ये आणि त्यांची भाषांतरे एका फाइलमध्ये लिहिली जातात आणि एमएसजी-एफएमटी हा प्रोग्राम तिचे यंत्राला वाचता येईल असे रूप करतो. आपले भाषांतर बटणावर मावते का, मेनूत कसे दिसते, हे पुढच्या आवृत्तीची वाट न बघता पाहायचे, तर सोर्स आणून प्रोग्राम कम्पाइल करावा लागे.

इथल्या चुकाही पाहण्यासारख्या. इंग्रजी वाक्यात संख्येसाठी टक्केचिन्ह आणि डी असे अक्षर असते. भाषांतरात ते राहून गेले, तर तपासणीत एमएसजी-एफएमटी फाइल नाकारतो. कारण ती तशीच स्वीकारली, तर प्रोग्राम चालताना भलत्याच जागेची माहिती वाचू शकतो. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि वाक्यातल्या पदांचा क्रम इंग्रजीहून वेगळा पडतो. 'अमुक फाइल तमुक डिरेक्टरीत सापडली नाही' म्हणताना दोन नावांची अदलाबदल करावी लागली, तर टक्केचिन्हानंतर क्रमांक आणि डॉलरचे चिन्ह घालून कोणते नाव कुठे ते सांगता येते. आपल्या भाषेचे व्याकरण आणि सी भाषेचे नियम इथे एकाच ओळीत समोरासमोर येतात. ज्याला दोन्ही कळतात, तोच ही ओळ नीट लिहू शकतो.

८. वापरण्यापासून देण्यापर्यंत

२००१ मध्ये बंगळुरूत 'लिनक्स बंगलोर' ही परिषद सुरू झाली. २००५ पासून तिचे नाव 'फॉस डॉट इन' झाले आणि २०१२ पर्यंत ती भरत राहिली. चिटणीस तिच्या मुख्य आयोजकांपैकी एक. सुरुवातीला लिनक्स कसे बसवावे, कसे वापरावे हे प्रश्न पुढे होते. काही वर्षांत परिषदेचा भर बदलला: आपण वापरतो त्यात भारतातून भर काय पडते? घेणारे लाखो आणि देणारे थोडे, ही तफावत आयोजकांना सलत होती.

हा प्रश्न आजही संपलेला नाही, आणि आज त्याचे एक टोक जे. पी. नगरमध्येच आहे. झेरोधा या शेअर दलाली कंपनीचे मुख्यालय जे. पी. नगरमध्ये आहे, आणि तिचे बरेचसे तंत्रज्ञान मुक्त सॉफ्टवेअरवर उभे आहे. मुंबईची फ्रॅपे आणि झेरोधा यांच्या पाठबळाने २०२० पासून फॉस युनायटेड ही संस्था देशभर मुक्त सॉफ्टवेअरची शिबिरे, स्पर्धा आणि परिषदा घेते. २०२४ मध्ये झेरोधाने मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला.

पण निधी कितीही आला, तरी प्रकल्पात पहिले पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला सोर्स आणून कम्पाइल करावाच लागतो. स्वतः कम्पाइल करता येत नाही तोवर कोडमधली एक ओळही बदलून पाहता येत नाही. नवा माणूस प्रकल्पात येतो की बाहेरूनच परततो, हे या पहिल्या उंबरठ्यावर ठरते. म्हणूनच तुम्हाला आलेली अडचण पार झाली की लिहून ठेवा: कोणते वितरण, कोणती आवृत्ती, पहिली चूक कोणती, कशाने सुटली. माहितीच्या फाइलमध्ये एका डेव्ह पॅकेजचे नाव राहिले असेल, तर ते घालून प्रकल्पाकडे पाठवा. मुक्त सॉफ्टवेअरमधले पुष्कळांचे पहिले योगदान असेच एका ओळीचे असते.

सारांश

कॉन्फिगरपाशी अडले, तर कॉन्फिग डॉट लॉग वाचा. हेडर फाइल नसेल, तर डेव्ह पॅकेज बसवा. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आले, तर लायब्ररीचे नाव आणि आज्ञेतली तिची जागा तपासा. प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी सापडली नाही, तर एलडी-कॉन्फिग चालवा. जुना कोड नव्या कम्पायलरवर अडला, तर दोघांची वर्षे ताडून पाहा. आणि कोणत्याही टप्प्यावर, शेवटची ओळ न वाचता पहिली चूक वाचा.

स्वाध्याय

१. मेकफाइलमधला टॅबचा नियम अडचणीचा असूनही का टिकला? आधी वापरणाऱ्यांची सोय आणि पुढे येणाऱ्यांची सोय यांत तुम्ही कसा निवाडा केला असता?

२. लायब्ररीचे दोन पॅकेजांत विभाजन होण्यामागे वापरणाऱ्यांबद्दल कोणते गृहीतक होते? ते आज कितपत खरे आहे?

३. १९९० च्या दशकातल्या भारतीय विद्यार्थ्याला मोडेमचा ड्रायव्हर कम्पाइल करताना कोणता पेच पडत असे? आज तसाच पेच कुठे दिसतो?

४. एक छोटा मुक्त प्रोग्राम निवडून तो होम डिरेक्टरीत कम्पाइल करा. आलेली प्रत्येक चूक या पाठातल्या कोणत्या प्रकारात बसते ते तक्त्यात लिहा. एकही प्रकारात न बसणारी चूक आली, तर तिचा इतिहास स्वतः शोधा.